कर्त्याचा रकाना

उर्वे आली तेव्हा खोका बटाट्यांचा होता,
वर सुतळी, तळाला माती.
"आत्याच्या वह्या," म्हणाली, "घर विकलंय,
तुम्ही घेतल्या नाहीत तर शेगडीत जातील,"
आणि पार्किंगचे पैसे भरायला पळाली.

चोवीस वह्या. चोवीस हिवाळे.
मी पार्नूच्या ग्रंथालयात तळघरात बसते.
नदीचा आवाज इथवर येत नाही, ओल मात्र येते.
आधी गंजलेल्या टाचण्या काढायच्या,
दातांच्या डॉक्टरासारख्या, हिरडी न दुखवता.
मग धूळ. मग वाचन.

१२ जानेवारी. धक्क्यापासून चारशे पावलं. एकोणतीस सेंटिमीटर.
१३ जानेवारी. तिथंच. तीस. वर भुकटी, खाली निळा.
१४ जानेवारी. एकतीस. घोडा चालेल.

बंदर-कचेरीच्या अहवालातही हेच आकडे,
खाली सही: एदुआर्द पुक्क, निरीक्षक.
दोन्ही कागद शेजारी ठेवले.
वहीतल्या साताच्या कमरेला पट्टा,
एदुआर्दचा सात उघडाच.
उर्वेला फोन केला. म्हणाली,
"काका युद्धातून परतले ते एका पायानं.
बर्फ ते खिडकीतून बघायचे."

मग चारशे पावलं?

खोटं कोणीच बोललं नाही.
आमच्या भाषेत तो नाही, ती नाही,
एकच सर्वनाम दोघांना पुरतं,
नवरा-बायकोत एक पांघरूण असावं तसं;
कुणी ओढून घेतलं ते सकाळी कळतं.
त्यात अहवालाची ती रीत: बर्फ मोजला गेला.
मोजला गेला!
जणू बर्फानंच पहाटे उठून
स्वतःला भोक पाडलं, आत पट्टी घातली
आणि आकडा सांगायला कचेरीत येऊन उभा राहिला.

सातव्या-आठव्या वहीच्या मधून हातमोजा निघाला.
एकच, उजवा. लाल-निळी नक्षी,
अंगठा तीनदा नव्यानं विणलेला, तीन रंगांत,
तिसऱ्या वेळी लोकर संपली असावी, साधा दोरा आहे.
नियमानुसार लोकर संग्रहालयाची, कागद आमचा.
तावी फॉर्म घेऊन आला. म्हटलं, राहू दे.
लोखंडी दांडा रोज धरणाऱ्याचा
अंगठा आधी झिजतो.
यादीत मी लिहिलं: पुरावा, लोकरीचा.

समितीत विचारलं गेलं
(पाहा, पुन्हा तेच, विचारलं गेलं)
या बाई उल्लेखनीय कशा?
पारितोषिक वगैरे? छायाचित्र? वर्तमानपत्रात मृत्युलेख?
मी नववी वही उघडली.

३ मार्च. सतरा. आवाज पोकळ. आज नाही.
किह्नू बेटावर लग्न आहे. धक्क्यावर अकरा स्लेज उभ्या,
घोड्यांच्या आयाळीत रिबिनी.
नवऱ्यामुलाची आई म्हणाली, तुला मूल नाही, तुला काय कळणार.
दोर बांधून वाट बंद केली.
४ मार्च. दुपारी खाडी फुटली. मोकळं पाणी.
५ मार्च. मोजायला काही नाही. मोजा धुतला.

जे बुडाले नाहीत
त्यांची बातमी होत नाही.
त्या अकरा स्लेजमधल्या माणसांची नातवंडं
आज याच गावात कुठं कुठं असतील,
कुणी आमच्याकडे पुस्तक उशिरा परत करत असेल,
दंडावरून तावीशी हुज्जत घालत असेल.

समिती म्हणाली, पुढच्या बैठकीत पाहू.
पाहा. यादी मात्र मी भरते.

जन्मवर्ष: माहीत नाही.
शिक्षण: माहीत नाही.
भाषा, आकार, पानं, हे सगळं भरलं.
मग कर्ता.
टंकलं: पुक्क, लेओन्तिने.
संगणकानं क्षणभर विचार केला आणि नम्रपणे विचारलं,
तुम्हाला "पुक्क, एदुआर्द" म्हणायचं आहे का?

वर नदीवर तेव्हा बर्फ धरत होता,
अजून पातळ, कुत्रंही पेलणार नाही असा.

मी "नाही" दाबलं.